गरम टॉवेलखाली

शूटिंगला जाण्यापूर्वी दिग्दर्शक रोजच्याप्रमाणे दाढीला निघाला. पण नेहमीचे दुकान बंद असल्यामुळे तो शेजारच्या गल्लीतल्या अनोळखी सलूनमध्ये शिरला. न्हाव्याने त्याला न ओळखताच त्याच्या तोंडावर गरम टॉवेल पसरला आणि बाकावरच्या शिंप्याशी गप्पा पुढे चालू केल्या.

"काल त्या दिग्दर्शकाचा नवा रहस्यपट पाहिला, मास्तर. नुसता रिकामा जिना दाखवतो, आणि आपल्याला घाम फुटतो."

"जिना छानच असतो, दादा. खून धाकट्या भावानं केला ना?"

"तुम्ही कधी पाहिलात?"

"नाही पाहिला. दर वेळी तोच करतो."

"या वेळी तो डॉक्टर आहे."

"मागं वकील होता, त्याआधी घड्याळजी. धंदा बदलतो, भाऊ तोच."

"अहो, ती त्याची शैली."

"शैली कसली? घरचं भांडण आहे ते."

टॉवेलखाली दिग्दर्शकाने डोळे मिटून घेतले. आई गेल्यापासून तो धाकट्याशी बोलला नव्हता.

"आम्हा भावांचाही अबोला होता," न्हावी म्हणाला. "मला काही सिनेमा काढता येत नाही. म्हणून मीच गेलो त्याच्याकडं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, चपला आत ठेव, कुत्रं पळवतं."

"एवढंच?"

"एवढंच. आत ठेवल्या."

टॉवेल निघाला. "साहेब, आता हलू नका हं."

दाढी होईपर्यंत दिग्दर्शक हलला नाही. बाहेर येऊन त्याने सहायकाला शूटिंग दुपारवर ढकलायला सांगितले. मग दुसरा नंबर लावला.

"मी बोलतोय. घरी आहेस ना? येतो."