तीन फुटांची वाट

कडावची रिक्षा भरायची वाट बघत श्रिया आत बसली होती. एक म्हातारी आणि तिचा पन्नाशीचा मुलगा नगरपालिकेतून थेट येऊन शेजारी टेकले.

"लडकू, काय ठरलं रं आत?"

"आपलं अपील फेटाळलं, आये. बिल्डिंगी व्हनार."

"आन् मसनवट्याची वाट?"

"सोडनार हायेत. तीन फूट."

"तीन फुटांत चार खांदेकरी मावतील का?"

"नाय मावनार. दोघांनी न्यायचं. एक पुढं, एक मागं."

"तुज्या बापाला सा जनांनी नेला व्हता."

"व्हय. अंगानं मोठा व्हता."

श्रियानं बॅग मांडीवर घेऊन म्हातारीला थोडी जागा करून दिली.

"मी हलकी हाय रं. तुला नि तुज्या पोराला, जगदीशला झेपेन."

लडकूनं तिचा बाहेर लोंबणारा पदर आत घेतला.

"नीट बस, आये. सुटंल आता रिक्षा."