वर्तुळं न काढलेला अणू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्याध्यापक सर, व्यासपीठावर बसलेले उपमुख्याध्यापक, माझे सहकारी, पालकमंडळी आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

आत्ता सगळे माझ्याबद्दल इतकं गोड बोलले, की निरोप माझाच आहे ना, अशी मला शंका आली. मी फार प्रेमळ आहे म्हणे. मागच्या रांगेतली मुलं हसताहेत, कारण त्यांना खरं काय ते ठाऊक आहे. असो, आपला लोभ आहे, आभारी आहे.

आता थोडं विज्ञान सांगते. कपाळाला आठ्या घालू नका, जन्मभर दुसरं काही केलेलं नाही. अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण केंद्रक तिळाएवढं धरलं तर अणू आपल्या मैदानालाही पुरून उरेल. वजन मात्र जवळजवळ सगळं त्या तिळात. आणि इलेक्ट्रॉन घाण्याच्या बैलासारखा आखल्या वाटेनं फिरत नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता जास्त, इतकंच आपल्याला सांगता येतं. आपल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर मात्र वर्तुळं रंगवलीत आणि वर लाल टिकल्या. ती पुसा म्हणून सांगून माझ्या जिभेला फोड आले. उत्तर ठरलेलं, ‘असू द्या हो बाई, छान दिसतं.’

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे शंकासूर म्हणतात. परीक्षेत सोडियमच्या अणूची आकृती विचारली होती. तिनं मध्ये एक ठिपका दिला. अकरा प्रोटॉन, बारा न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉनची मांडणी दोन, आठ, एक, सगळं अचूक लिहिलं. खाली लिहिलं, ‘इलेक्ट्रॉनची वाट ठरलेली नसते, म्हणून वर्तुळं काढली नाहीत.’

मी पूर्ण गुण दिले. फेरतपासणीत उपमुख्याध्यापकांनी शून्य केलं, का तर नमुना उत्तरात वर्तुळं आहेत. त्या गुणांवाचून तिची विज्ञान शाखा हुकते आहे. ज्या मुलीला अणू समजला, तिलाच आपण विज्ञानाच्या दारातून परत पाठवायचं का?

मी उपमुख्याध्यापक आणि मुख्याध्यापक सर, दोघांशी वाद घातला, हात जोडले, शेवटी चिडलेसुद्धा. सर म्हणाले, ‘निरोप समारंभ होऊ द्या, मग बघू.’ सर, फेरतपासणीनंतर गुण बदलायला तुमच्या सहीबरोबर विषयशिक्षकाचीही सही लागते, आणि आज शाळा सुटली की मी कुणाचीच शिक्षक नाही. हे वरातीमागून घोडं झालं. मला राग येतो तो याचाच. माझ्यावर स्तुतीची फुलं उधळता आणि मी शिकवलेलं खरं कुणी लिहिलं की शून्य देता.

आमचे हे पहिल्या रांगेतून ‘पुरे आता’ अशी खूण करताहेत. संसारात त्यांचं पुष्कळ ऐकलं, आज नाही ऐकणार.

दुरुस्तीच्या कागदावर मी सही केली आहे. सर, तो तुमच्यासमोर ठेवते आहे, हे पेनही घ्या.

आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते पोटात घाला, चूक माझी. त्या मुलीच्या उत्तरात मात्र चूक नव्हती, आणि त्यासाठी मी माफी मागणार नाही.

सर, सही करा, मग मी खाली बसते.