तुला मुकादम कोणी केलं?

हॅलो? … हां मानसी, बोल. रडतेयस का? … कोणी सांगितलं?

धोंडूकाकांनी? हार घातलेला फोटो थेट तुला पाठवला? … अरे देवा. … हो गं. खरं आहे. बाबा गेले. आज बारावा दिवस.

आधी बस तू. सातवा महिना आहे, डॉक्टरांनी उठायलासुद्धा … बरं, नाही सांगत. काही नाही सांगत. बोल.

… हो, घरच्या ग्रुपमधून मीच काढलं तुला. सुयोगलाही मीच दम दिला. नवऱ्याला नको ओरडू, त्याची चूक नाही. … हो, रोज तू विचारायचीस आणि मी "बाबा झोपलेत" म्हणायचे. मला काय मजा वाटत होती? … अगं ऐक ना … दोनदा गेलंय तुझं. दोन्ही वेळा तुझ्या उशाशी मीच होते ना? तिसऱ्यांदा नसतं गं बघवलं मला.

… काय म्हणालीस? … परत म्हण. … "तुला मुकादम कोणी केलं?"

बाबा म्हणायचेच की मला. भाजीत मीठ कमी पडलं तरी, "इचारा आमच्या मुकादमाक". हसायचो सगळे. … हो, ते लाडाने म्हणायचे. तू लाडाने नाही म्हणालीस, कळलं मला. … बरोबर आहे. बाबांच्या गिरणीत कामगारांवरच्या मुकादमाला मालक तरी नेमायचा. मला कोणीच नेमलं नव्हतं. आई गेली तेव्हा तू नववीत होतीस, कोणीतरी ठरवायला हवं होतं. मी ठरवत गेले. मग थांबताच आलं नाही.

… नाही, झटक्यात नाही गेले. दोन दिवस होते हॉस्पिटलात. … शुद्धीत होते.

मानू, हे नको विचारूस. … नको ना गं.

हो. तुझंच नाव. "मानसीक बोलाव गे, माका तिका बघूचा आसा." सारखं तेच. … मी म्हटलं, उद्या येतेय ती. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. … हो, व्हिडिओ कॉल करता आला असता. नळ्या बघून घाबरशील म्हणून नाही केला. चुकलं माझं. फार चुकलं गं. तुमचं दोघांचं शेवटचं बोलणं मी होऊ दिलं नाही.

मानू? … मानू, अशी नको रडू, पोटाला … हॅलो?

कोण, सुयोग? … दुखत नाहीये ना तिच्या पोटात? … बाळ हलतंय? … बरं. … काय? उद्या तेराव्याला यायचं म्हणतेय? मुलुंडहून दहिसरला? त्या खड्ड्यांतून? अजिबात …

…

नाही, काही नाही. … मला नको विचारू रे. डॉक्टरांना विचार, आणि तिला. … आणि हे बघ, आलीच, आणि तिला मी समोर नको असेन, तर मी शेजारी मीराकडे जाऊन बसेन. तिला बाबांच्या फोटोपाशी हवं तेवढं बसू दे. … हो, असंच सांग. ठेवते.