खिडकीजवळची दोन नावं

बसच्या रांगेत माझ्यापुढे सरहद्दीवरच्या जुन्या किल्ल्याची डागडुजी करणारा म्हातारा गवंडी आणि त्या कामावर देखरेख करणाऱ्या तरुण बाई उभ्या होत्या.

"मामा, भिंतीवर कोरलेली नावं काढलीत?"

"पलटणीतल्या शिपायांची ठेवली. सहलीला येणाऱ्यांनी कोरलेली सगळी खरवडली. तुम्हीच तसं सांगितलंत."

"मग खिडकीजवळची दोन कशी राहिली?"

"ती पहारेकऱ्याची आहेत."

"त्यातलं एक बाईचं आहे."

"पहारेकऱ्याला बायको नसते होय?"

"खाली साल आहे, मामा. तेव्हा पलटण जाऊन वीस वर्षं झाली होती."

"असेल."

"तुमच्या वडिलांचं नाव काय हो?"

"बस आली बघा, बाई. उद्या साल तेवढं खरवडून टाकतो."