अकरा मिनिटांची पोस्ट

…हसू नका दादा, गळ्याशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे – तीन माणसं आली होती माझ्या घरी. म्हणजे वर दोनच आली, तिसरा खाली गाडीपाशी उभा होता, पण उभं राहण्याची तऱ्हा अशी, की एकटाच तिघांना भारी. तुम्ही स्क्रू काढा, मी बोलत राहतो. लॅपटॉप म्हातारा झालाय, कबूल – पण माझ्या ब्लॉगचा पासवर्ड फक्त याच्या पोटात आहे, माझ्या डोक्यातून केव्हाच गेला, नाहीतर तुमच्या दुकानात कशाला आलो असतो? सहा वर्षांनी परत लिहायचंय. कोण वाचणार म्हणता? तेव्हा तरी कोण वाचत होतं – चाळीस जण, त्यातले नऊ मावसभाऊ.

मी लिफ्टवाला, दुरुस्तीचा. लिफ्टमधल्या गमती लिहायचो. पाचव्या मजल्यावरचा पोपट चोचीनं बटण दाबून एकटाच खाली यायचा, ते वाचलं असेल तुम्ही – नाही? जाऊ द्या, पोपटही नव्हता. पण एकदा खरं लिहिलं. आमच्यात लिफ्टचा दोर तपासायचा म्हणजे त्यावरून चिंधी फिरवायची. वरून दोर कसा गुळगुळीत दिसतो, पण एखादी तार तुटली असली की चिंधी अडकते. दर महिन्याला, प्रत्येक इमारतीत, आणि मग ऑफिसात येऊन कार्डावर सही. आणि आम्ही काय करायचो? एक तारखेलाच चहाच्या टेबलावर कार्डं पसरायची, अख्ख्या महिन्याच्या सह्या उरकायच्या. आम्ही म्हणतोय, ऐकलंत ना? माझीही सही. तेच लिहिलं, इमारतीच्या पत्त्यासकट – इथे आठ महिने चिंधी फिरलेली नाही. आणि आले ना ते. "काका, बायकोपोरं आहेत ना? काढून टाका." काढली पोस्ट. चार महिन्यांनी तीच लिफ्ट दीड मजला खाली आदळली. आत एक बाई होती, शिवणकाम करणारी, पायानं मशीन चालवायची. आता नाही चालवत.

राग कोणावर? सगळ्यांवर आहे. साहेबावर – त्यानं चौकशीत कार्डं काढून दाखवली, सह्या जागच्या जागी, सुटला. बायकोवर – "आता लिहून तिचा पाय परत येणार आहे का? आणि पोपटवाल्यावर विश्वास कोण ठेवणार?" म्हणजे बरोबरच बोलते, म्हणून जास्त राग. आणि हल्लीच्या दिवसांवर तर विचारूच नका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी कुठेतरी दोन ओळी लिहिल्या, नोकरी गेली. आता त्या जिन्यात दिसल्या की लोक बुटाची नाडी बांधायला वाकतात. पायात चप्पल असली तरी वाकतात. मीही वाकलोय.

झाला सुरू? थांबा – ब्लॉगच उघडला, काढलेल्यांत हीच ती पोस्ट. वेळ काय बघताय, टाकली सहा दहाला, काढली सहा एकवीसला, त्याच संध्याकाळी. बरोबर आहे. काय? अकरा मिनिटांत माणसं घरी कशी पोचली?

…तुम्ही दुरुस्तीच करा हो, हिशेब कशाला करता?

कोणी आलं नव्हतं, दादा. दोन नाही, तीन नाही. पोस्ट टाकली, बघत बसलो, आणि दहाव्या मिनिटाला जिन्यात पावलं वाजली. मास्तरीणबाई शाळेतून परत येत होत्या – तेव्हा नोकरी होती त्यांची – तेवढंच. त्या वर पोचेपर्यंत मी पोस्ट काढलेली. माझ्याच बोटानं. सहा वर्षं त्या तिघांना शिव्या घालतोय, आणि तिघांना घडवलं मीच – गाडीचा रंगसुद्धा ठरवून ठेवलाय. ते तेवढं खोटं. बाई खरी आहे, पाय खरा आहे, सही माझी आहे.

सरका जरा, परत टाकतो ती. झाकण नंतर लावा, राहू दे उघडं. आणि असं माझ्याकडे बघू नका, बोट अडखळतं. तिकडे गिऱ्हाईक उभं आहे केव्हाचं – जा, त्याच्याकडे बघा.