पहिली स्लिप

डॉक्टर : दाबू नका, नुसता झाका उजवा डोळा. आता वाचा.

कप्तान : समोर पाटी आहे, एवढं दिसतंय.

डॉक्टर : आणि पाटीवर?

कप्तान : अक्षरं असतील ना. उगाच कशाला लावाल तुम्ही.

बायको : विनोद करून झाले असतील तर ते चमच्याचं सांगा.

कप्तान : तूच सांग.

बायको : लेकीला भरवतात, तर चमचा तिच्या गालाला लागतो. चार महिने झाले. तिला खेळ वाटतो, ती हसते. डोळे दाखवून या म्हटलं, तर म्हणे मोसम संपू दे.

डॉक्टर : या डोळ्याला कधी मार बसला होता?

कप्तान : दोन वर्षांपूर्वी. उसळलेला चेंडू भुवईवर बसला. सहा टाके पडले. आठवड्यानं परत मैदानात होतो.

डॉक्टर : तेव्हाच आतल्या पडद्याला इजा झालीय, मग वाढत गेली. चष्म्यानं भरून येणारं नाही हे. एका डोळ्यानं दिसतं सगळं, पण अंतर कळायला दोन्ही लागतात. फलंदाजी कशी करत होतात?

कप्तान : सवयीनं. सोळा वर्षं संघात, त्यातली अकरा कप्तान. पाय आपोआप हलतात. जमेना तसा फलंदाजीच्या क्रमात खाली खाली यायला लागलो. कप्तानाला कोण विचारतंय. एक सांगा, मी पहिल्या स्लिपला उभा असतो. झेल येतो, हात बरोबर गेले असं वाटतं, आणि चेंडू मनगटावर आदळतो. तेही यामुळेच?

डॉक्टर : यामुळेच.

कप्तान : म्हणजे मास्तरचे नऊच्या नऊ.

डॉक्टर : मास्तर कोण?

बायको : यांच्या संघातला डावखुरा फिरकीवाला. शाळेत गणित शिकवतो, बिनपगारी रजा टाकून खेळायला येतो.

कप्तान : यायचा. परवा काढला त्याला. निवड समितीनं विचारलं, याला बळी का मिळत नाहीत. मी म्हटलं, बोटांतली फिरकी संपली त्याची. मला खरंच तसं वाटत होतं, डॉक्टर. झेल मी सोडायचो आणि बघायचो त्याच्याकडे. तो 'जाऊ द्या, कप्तान' म्हणायचा आणि पुढचा चेंडू टाकायला वळायचा.

बायको : काल घरी आला होता. संघाचा स्वेटर धुऊन, घडी घालून परत द्यायला. हे आतच बसून राहिले. मला म्हणाला, वहिनी, कप्तानांना सांगा, राग नाही.

कप्तान : उद्या अकरा वाजता संघाची यादी पक्की होते. आत्ता म्हणालात ते लिहून द्याल?

डॉक्टर : देईन. पण ते वाचल्यावर तुम्हाला एक दिवसही ठेवणार नाहीत.

बायको : अहो, शेवटचा सामना तेवढा खेळून घ्या. निरोपाचा. मग द्या कागद.

कप्तान : म्हणजे त्या सामन्यालाही मास्तर घरी, आणि मी स्लिपला.

(बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहते.)

डॉक्टर : कुणाच्या नावानं लिहू?

कप्तान : समितीच्या. खाली जरा जागा सोडा. मी माझ्या हातानं लिहितो, त्याच्या गोलंदाजीवर माझ्याकडून नऊ झेल सुटले म्हणून.

बायको : अकरा लिहा. दोन तुमच्या अगदी शेजारून गेले. मी बघत होते, बोलले नाही. तुम्ही हातही हलवला नव्हतात.