पालकाचं पाणी

(मखमलाबाद, मळ्यातलं घर. तेरावं होऊन आठवडा झालाय. स्वयंपाकघरात मुलगी आणि वडील.)

शुभांगी: नाना, पातेलं द्या इकडं. पालकाचं पाणी मोरीत कशाला ओतलं?

गोटीराम: टाकायचंच असतं ते.

शुभांगी: आईच्या किडन्या गेल्या होत्या म्हणून टाकायचं होतं. तुम्हाला काय झालंय? मी त्यात डाळ शिजवणार होते.

गोटीराम: नको. ह्या घरात ते पाणी परत गॅसवर नको.

शुभांगी: बरं. बसा. चहा ठेवते.

गोटीराम: चहा राहू दे. तू कॉलेजात पोरांना शरीरातलं शिकवती ना? मग मला एक सांग. पोटॅशियम वाढलं म्हणले डॉक्टर. ताप नाय, काय नाय, बसल्या बसल्या मान टाकली तिनं. ते पोटॅशियम करतं काय नेमकं?

शुभांगी: आता कशाला ते?

गोटीराम: सांग तू. पोरांना सांगती तसं. फक्त इंग्रजी लावू नको.

शुभांगी: हृदय बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीला पातळ पडदा. त्यातून सोडियम, पोटॅशियम असं सरळ आरपार जात नाही. त्याला दारं असतात. सोडियमची वेगळी, पोटॅशियमची वेगळी.

गोटीराम: वाफ्याला असत्यात तशी?

शुभांगी: तशीच. पण दारं धरायला फावडं घेऊन कुणी उभं नसतं. विजेचा जरासा फरक पडला की आपली आपण उघडतात. सोडियमचं दार उघडलं, सोडियम आत घुसलं, की ठोका पडतो. लगेच ते दार मिटतं. मग पोटॅशियम आपल्या दारानं बाहेर जातं आणि पेशी शांत होते. शांत झाली, की सोडियमचं दार पुन्हा उघडायला तयार.

गोटीराम: एका ठोक्याला एवढं?

शुभांगी: दर ठोक्याला.

गोटीराम: आन वाढलं तर?

शुभांगी: पोटॅशियम आत जास्त असतं आणि बाहेर रक्तात कमी. म्हणून तर ते बाहेर जातं. बाहेरच वाढलं तर...

गोटीराम: बाहेरचा चरच तुंबला, तर वाफ्यातलं पाणी निघंल कुठं.

शुभांगी: हो. पेशी पुरती शांत होत नाही. मग सोडियमची दारं मिटलेलीच राहतात. पुढचा ठोका पडत नाही.

गोटीराम: दुखतं का?

शुभांगी: नाही, नाना. बहुतेक नाही.

गोटीराम: बहुतेक.

शुभांगी: तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

गोटीराम: शुभे, ते पाणी मी टाकत नव्हतो.

शुभांगी: कुठलं?

गोटीराम: भाजीचं. तू सांगितलं होतं, चिरून उकडा, पाणी टाका, मग भाजी करा. पहिला महिना टाकलं. मग एक दिवस बघितलं तर हिरवंगार पाणी. आपल्या मळ्यातला पालक. सगळा कस त्यात उतरलेला, आन तिच्या ताटात नुसता चोथा. आपण गाईला बी तसं घालत नाय. हात धजला नाय माझा. लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, सार केलं. मीठ नाय घातलं हां. मीठ बंद म्हणले होते, ते पाळलं मी.

शुभांगी: किती दिवस दिलं?

गोटीराम: पंधराएक दिवस. रोज वाटीभर. डायलिसिस मंगळवारी आन शुक्रवारी. सोमवारपर्यंत पार गळून जायची, म्हणून सोमवारी दोन वाट्या.

शुभांगी: सोमवारीच गेली ती.

गोटीराम: दुसरी वाटी हातात होती.

शुभांगी: आई काहीच म्हणाली नाही?

गोटीराम: म्हणली ना. "पोरीनं टाकायला सांगितलंय." मी म्हणलो, पोरगी पुस्तक वाचती, पालक मी पिकवतो. हसली. म्हणली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या हातचं खाते. नको कसं म्हणू?"

शुभांगी: (रिकामं पातेलं विसळून पालथं घालते.)

गोटीराम: बोल की. मीच मारलं ना तिला?

शुभांगी: शुक्रवार ते मंगळवार, सगळ्यात लांब गॅप. त्यात ते आपोआपही वाढतं. त्यानं किती वाढलं आणि तुमच्या वाटीनं किती, आता कुणालाच सांगता येणार नाही.

गोटीराम: पण वाटीनं काहीच झालं नाय, असं म्हणत नाय तू.

शुभांगी: नाही म्हणत.

गोटीराम: बरं झालं. दहाव्याला रामकुंडावर शेजारचा सहादू सगळ्यांपुढं म्हणला, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मला मान वर करता येईना.

शुभांगी: मी सांगायला हवं होतं.

गोटीराम: सांगितलं होतं तू. टाका म्हणली होती.

शुभांगी: टाका म्हणाले. का टाका, भाजीतलं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं आणि गेलेल्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत, हे नाही सांगितलं. दर वर्षी साठ पोरांना ही दारं फळ्यावर काढून दाखवते. घरी फोनवर दोन वाक्यांत उरकलं. वाटलं, नानांना काय कळणार.

गोटीराम: कळलं की आत्ता.

शुभांगी: हो. दहा मिनिटं लागली.